पारोसं सोनं

दिग्विजयला सोन्यातलं कळू लागलं ते गेल्या उन्हाळ्यात, आणि तेव्हापासून घरात दुसऱ्या कुणाला काही कळत असेल यावरचा त्याचा विश्वासच उडाला. त्याआधी तो चारचौघांसारखा माणूस होता. विम्याच्या एका कार्यालयात हिशेब बघायचा, जुळे सोलापुरातल्या फ्लॅटचे हप्ते भरायचा आणि संध्याकाळी गाडीच्या हँडलला भाजीची पिशवी अडकवून घरी यायचा. मग एकदा गाडी घसरून पाय मोडला, महिनाभर प्लॅस्टर घालून पलंगावर पडावं लागलं आणि मोबाइलमधल्या एका कोटवाल्या माणसाने त्याला शिष्य करून घेतलं. नवशिक्यांनी सोन्याचांदीत पैसे कसे गुंतवावेत हे तो माणूस रोज सांगायचा. प्लॅस्टर निघालं तोवर शिष्य गुरूच्याही वर गेला होता.

दागिना म्हणजे गुंतवणूक नव्हे, हा त्याचा पहिला धडा. दागिन्याला घडणावळ द्या आणि मोडताना पुन्हा घट सोसा, म्हणजे जाता-येता दोन्हीकडून मार. चांदीची वीट चांगली, पण ती जागा खाते आणि काळी पडते. घ्यायचं तर चोख सोन्याचं नाणं घ्यायचं, तेही कारखान्यातून पुठ्ठ्याच्या पाकिटात सीलबंद होऊन आलेलं. आणि ते पाकीट काही झालं तरी फोडायचं नाही. पाकीट फुटलं की किंमत गेलीच म्हणून समजा. हे सगळं तो कार्यालयात चहाच्या वेळी सांगायचा, लग्नाच्या पंगतीत सांगायचा, एकदा तर कुणाच्या दहाव्याला जाऊन तिथेही सांगून आला. कार्यालयातला मृत्युंजय नावाचा नवा मुलगा त्याला सर म्हणायचा आणि मनापासून ऐकायचा, त्यामुळे तर तो फारच चढला होता. ऋतुजा, त्याची बायको, शाळेत शिकवून दमून यायची. ती मान डोलवायची आणि कुकर लावायची.

साऱ्या गावाला शहाणं करणाऱ्या या माणसाने एका माणसाला मात्र यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. ती त्याची आई. तिला काय कळणार, असं त्याने गृहीत धरलं होतं, आणि गृहीत धरलेल्या गोष्टी तपासायची त्याला सवय नव्हती.

बजाबाई करकंबची. नवरा, रावजी, गेल्यावर शेत पुतण्याकडे वाट्याने देऊन ती लेकाकडे राहायला आली होती. येताना एक ट्रंक आणली आणि गळ्यातली बोरमाळ. या बोरमाळेने दिग्विजयच्या शिक्षणात करकंबच्या सोनाराकडे बऱ्याच खेपा घातल्या होत्या. कधी वसतिगृहाच्या पैशांसाठी, कधी परीक्षेच्या. गहाण सुटून परत येताना बहुतेक वेळा थोडे मणी सोनाराकडेच राहायचे, आणि बजाबाई दोऱ्याला गाठ मारून माळ आखूड करून घालायची. एके काळी छातीवर रुळणारी ती माळ आता गळ्याबरोबर आली होती. दिग्विजयला हे सगळं ठाऊक होतं. त्याने ते विसरायचा प्रयत्नही केला नव्हता. त्याच्या डोळ्यांना त्या माळेची सवय झाली होती, इतकंच.

धनत्रयोदशीला त्याने पहिलं नाणं आणलं. तळहाताएवढं चकचकीत पाकीट, त्याच्या मध्यभागी प्लॅस्टिकची काच आणि काचेमागे लक्ष्मीचा छाप असलेलं सोनं. बजाबाईने ते दोन्ही हातांत घेतलं, कपाळाला लावलं आणि उलटंपालटं करून बघितलं.

"औषधाच्या गोळीगत भरलंय की रं," ती म्हणाली.

दिग्विजय हसला. पूजेला ठेव आणि मग कपाटात टाकू, असं तिला सांगून तो फोनवर मृत्युंजयला लक्ष्मीपूजनाच्या फराळाचं आमंत्रण द्यायला लागला. बायकोला घेऊन ये, नाणं दाखवतो, पाकीट कसं ओळखायचं तेही दाखवतो, असं तो मोठ्याने सांगत होता. पूजेला ठेव म्हणजे नेमकं कसं ठेव, हे आईला सांगायचं त्याच्या मनातही आलं नाही.

आता बजाबाईच्या घरात नवी वस्तू आली की तिला आधी हळदीकुंकू लागायचं. नवं खोरं आणलं तरी लागायचं, मोटारपंप आणला तरी लागायचं. आणि सोन्याची तर गोष्टच वेगळी. सोनं आणलं की ते दुधापाण्याने न्हाऊ घालायचं, हळदीकुंकू लावायचं, मग अंगावर घालायचं नाहीतर पेटीत ठेवायचं. पारोसं सोनं घरात ठेवायचं नाही, ते टिकत नाही, असं तिच्या सासूने तिला सांगितलं होतं. मग लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तिने काय केलं असेल ते सांगायलाच नको. स्वयंपाकघरातली कात्री घेतली, पाकीट कापलं, नाणं बाहेर काढलं. दुधाने धुतलं, कोमट पाण्याने धुतलं, पदराने पुसलं, हळदीकुंकवाची बोटं लावली आणि चौरंगावरच्या तांदळाच्या राशीवर ठेवलं. गळ्यातली बोरमाळ काढून त्याच्या भोवती गोल ठेवली. नव्या सोन्याला जुन्याची सोबत असावी म्हणून.

दिग्विजय पाहुण्यांना घेऊन वर आला तेव्हा ती समई लावत होती. मृत्युंजय आणि त्याची बायको चपला काढत होते. हा पुढे झाला, चौरंगाकडे बघून हसत म्हणाला, "हे बघा आमचं नाणं," आणि मग त्याला ते दिसलं.

पुढचं जे झालं ते फार वेळ चाललं नाही. पाकीट कुठे आहे असं त्याने विचारलं. बजाबाईने कौतुकाने लाह्यांच्या सुपामागून पुठ्ठ्याचे तुकडे काढून दिले. टाकून न देता जपून ठेवलेत, म्हणून लेकाला बरं वाटेल अशा चेहऱ्याने दिले. ते तुकडे हातात धरून तो पाहुण्यांसमोर तिला बोलला. आवाज चढवला, अडाणी म्हणाला, सगळी गुंतवणूक मातीत घातलीस म्हणाला. मृत्युंजय दारातच थबकला. ऋतुजा झारा हातात घेऊनच बाहेर आली आणि अहो, अहो, करत राहिली. आणि एवढ्याने भागलं नाही म्हणून तो शेवटचं ते वाक्य बोलला.

"तुम्हा लोकांना सोन्याचं एकच कळतं. गळ्यात घालायचं आणि गहाण टाकायचं."

बजाबाईचा हात गळ्याकडे गेला. बोरमाळ चौरंगावर होती, त्यामुळे तो हात तिथे काही वेळ नुसताच राहिला. मग ती म्हणाली, "पारोसं ठिवू न्हाय म्हणून केलं बाबा. मला ठावं न्हवतं."

तिने आरती केली. पाहुण्यांची ताटं स्वतः वाढली, ऋतुजाला सांगून मृत्युंजयच्या बायकोची ओटी भरवली, अजून एक करंजी घे की गं म्हणून आग्रहही केला. दिग्विजयने ते नाणं तसंच हळदीसकट एका डबीत टाकून कपाटाच्या खणात ठेवलं आणि त्याच्याकडे पुन्हा बघितलं नाही. आपलं चुकलं असं त्याला त्या दिवशी वाटलं नाही. उलट, एवढं नुकसान होऊनही आपण जेवायला बसलो याचं त्याला थोडं कौतुकच वाटत होतं.

दिवाळी संपली. घरात कुणी तो विषय काढला नाही. फक्त बजाबाईला एक नवीन खोड लागली. कुठलंही पाकीट उघडण्याआधी ती विचारायला लागली. बिस्किटाचा पुडा हातात धरून उभी राहायची आणि म्हणायची, "ह्यो फोडू का रं?" चहाच्या पुडीला विचारायची, उदबत्तीच्या पुडक्याला विचारायची. ऋतुजा शाळेत असली तर डोकेदुखीच्या गोळीची पट्टी घेऊन ती संध्याकाळपर्यंत बसून राहायची, पण गोळी काढायची नाही. दिग्विजयला त्याचा वैताग यायचा. एवढं काय विचारायचं, असं तो म्हणायचा आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालायचा.

मार्गशीर्ष लागला असेल. एक दिवस मृत्युंजय त्याला चहाच्या गाड्यावर बाजूला घेऊन गेला. मग खाली बघत सांगायला लागला.

तो आदल्या आठवड्यात सराफाच्या दुकानात गेला होता. दिग्विजयनेच सांगितलेल्या दुकानात, त्यानेच सांगितलेलं नाणं घ्यायला. तिथे बाकड्यावर बजाबाई बसलेली दिसली. तिच्या हातात रुमालाची पुरचुंडी होती. ती काउंटरवरच्या माणसाला विचारत होती, ह्ये परत पाकिटात घालून शिवून मिळंल का. तो माणूस म्हणत होता, आज्जी, असं शिवता येत नाही, आणि त्याची गरजही नाही. पाकीट असलं काय, नसलं काय, सोनं आमच्याच दुकानातलं आहे, तपासून आजच्या भावाने घेऊ. थोडे पैसे कापले जातील, ते सीलबंद आणलं तरी कापलेच जातात. बजाबाईने ते सगळं ऐकलं आणि पुन्हा म्हणाली, लेकाला पाकिटातलंच पायजे. मग त्यांनी उघडं नाणं घेऊन नवं सीलबंद द्यायचं ठरवलं. नव्याची घडणावळ आणि कर मिळून वर जो फरक निघाला, त्यासाठी तिने गळ्यातली बोरमाळ काढली, दातांनी दोऱ्याची गाठ सोडली आणि थोडे मणी काउंटरवर काढून ठेवले. पुरतील का, म्हणाली.

"मी ओळख दाखवली नाही सर. खांबामागं उभारलो," मृत्युंजय म्हणाला. "त्यांना बरं वाटलं नसतं ओ."

पाकीट फोडलं की किंमत गेली, हे दिग्विजयने या मुलाला डोळे मोठे करून सांगितलं होतं, आणि तो मुलगा आता त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हता. मृत्युंजयने स्वतःसाठी काय घेतलं हे विचारायची त्याची हिंमत झाली नाही. मृत्युंजयने चहाचे पैसे दिले, येतो सर म्हणाला आणि गेला. त्या सर शब्दाने दिग्विजयला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आल्यावर बूटही न काढता त्याने कपाट उघडलं. डबीच्या जागी पाकीट होतं. चकचकीत, कोरं, काचेमागे लक्ष्मी. आई स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसली होती. गळ्यातली माळ आता गळ्याला घट्ट बसली होती, गाठ मानेवर पदराखाली दडवलेली होती. आठवडाभर ती आखूड माळ त्याच्या डोळ्यांसमोर होती आणि त्याला दिसली नव्हती. तो तिथेच उभा राहिला.

"काय पायजे?" तिने विचारलं.

"काही नाही. पाय दुखतोय का तुझा?"

न्हाय, म्हणाली ती, आणि शेंगा सोलत राहिली.

त्यानंतर रोज तो तिची माफी मागायला जायचा आणि रोज काहीतरी दुसरंच बोलून परत यायचा. आपल्याकडे आईला सॉरी म्हणायची रीत नाही, ही त्याने स्वतःला दिलेली सबब. त्याऐवजी त्याने तिला चष्म्याची नवी काच आणली. स्वेटर आणला. अंगाला लावायचं तेल आणलं, तर त्या बाटलीचं बूच उघडू का असं तिने विचारलं, आणि तो उठून गॅलरीत जाऊन उभा राहिला. त्या उघडू का, फोडू का मागे काय आहे, ते त्याला आता कळत होतं. ती कुठल्या वस्तूला घाबरत नव्हती, त्यालाच घाबरत होती. ज्या आईच्या कडेवर बसून तो बाजारात जायचा, ती आई त्याला विचारून बिस्किटाचा पुडा फोडत होती. याची लाज कुठे ठेवावी हे त्याला कळेना. कार्यालयात सोन्याचा भाव निघाला की तो पाणी प्यायला उठायचा. मोबाइलमधल्या कोटवाल्या माणसाला तर त्याने कधीच बंद केलं होतं.

शेवटी त्याने मनाशी ठरवलं. शब्द फुटत नाहीत तर हाताने करून दाखवायचं. संक्रांतीला कार्यालयाला सोलापुरातल्या गड्ड्याच्या जत्रेची सुट्टी होती. ऋतुजा शेजारच्या इमारतीत हळदीकुंकवाला गेली होती. ऋतुजाच्या सुगडांत भरायचा हरभरा, ऊस, बोरं निवडत बजाबाई देवापुढे पाटावर बसली होती. दिग्विजयने कपाटातून पाकीट काढलं, स्वयंपाकघरातून तीच कात्री घेतली आणि तिच्यासमोर मांडी घालून बसला. मनात त्याने वाक्य पाठ केलं होतं. आई, हे तुझ्या हाताने धू, तुझ्या हाताने हळद लाव, माझं चुकलं. मग पाकीट आडवं धरून त्याने एका बाजूने सरळ कापलं आणि नाणं काढून तिच्या पुढ्यात ठेवलं.

बजाबाईच्या हातातली बोरं खाली पडली.

तिने आधी नाण्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे, मग दाराकडे. दोन्ही हात झटकन पाठीमागे नेले, नाण्याला चुकून बोट लागेल म्हणून.

"फोडलंस व्हय रं?"

"आई, ऐक..."

"मी न्हाय हात लावला," ती म्हणाली. आणि मग तिला त्याचा चेहरा दिसला. त्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, तिला मात्र त्यात चूक करून बसलेलं पोर दिसलं. ती सरकून त्याच्या जवळ आली, पुठ्ठ्याचे दोन्ही भाग उचलले, पदराने पुसले आणि नाणं जपून काचेच्या खळग्यात बसवायला लागली. ते बसत नव्हतं. कापलेली कड पुन्हा पुन्हा उघडत होती.

"आई, माझं चुकलं," दिग्विजय म्हणाला. इतके दिवस अडकलेलं ते वाक्य शेवटी बाहेर आलं, पण तिने त्याचा अर्थ आपल्या परीने लावला.

"हुतं रं कधीकधी. भ्यायचं न्हाय," ती हलक्या आवाजात म्हणाली. "गप बस. ऋतुजाला बोलू नगस. ती यायच्या आत मी जाऊन येते. ते दुकान मला म्हाईत हाय, मानसं चांगली हायती, बदलून देत्यात. तुला कुणी काय बोलायचं न्हाय."

तुला कुणी काय बोलायचं न्हाय. दिग्विजयला वाटलं, आत्ता जमीन दुभंगली तर बरं होईल. कुणी बोलणार नाही गं, बोलणारा मीच होतो, असं त्याला सांगायचं होतं. सगळं मला कळलंय, मृत्युंजयने तुला बघितलं होतं, ते मणी मी परत आणतो, असंही सांगायचं होतं. पण तोंड उघडलं आणि त्याला रडूच आलं.

पाकिटासाठी रडतोय असं तिला वाटलं. तिने नाणं आणि तुकडे रुमालात बांधले, पायात चपला घालायला उठली. दाराशी भिंतीचा आधार घेत तिने मानेवरचा पदर बाजूला केला, आणि उरलेले मणी पुरतील ना हे बघायला तिची बोटं माळेवरून फिरायला लागली.